छोट्या प्रवाळटाकीतले मासे : खाणार काय आणि राहणार कुठे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर लेख छापल्याबद्दल आभार. मराठीत या विषयावर फारसे काही येत नाही. टाकी, दिवे, वेव्हमेकर (पाणी खेळते ठेवणारा पंप) यांची माहिती ठीकच आहे. आमची हरकत आहे ती शेवटच्या चौकटीला. दोन फुटी टाकीसाठी निळा टँग, मँडरिन, चार डॅमसेल, एक क्लीनर रॅस हे मासे आणि 'सफाईसाठी वीस गोगलगाई' अशी यादी त्यात आहे. ही यादी घेऊन कोणी बाजारात गेला, तर दोन-तीन महिन्यांत यातले बरेचसे जीव उपासमारीने जातील आणि उरलेले एकमेकांच्या जिवावर उठतील. आम्ही ठाणे-डोंबिवली भागात अशा टाक्यांची देखभाल करणारी मंडळी आहोत. पत्र लांबले आहे, पण नव्याने टाकी मांडणाऱ्याला उपयोगी पडेल.

आधी पाणी मोजू. दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर ८८ लिटर होतात. वरची दोन बोटे जागा, सात-आठ किलो खडक आणि वाळू वजा केली की हातात साधारण ७० लिटर उरतात. एवढ्या पाण्यात पूर्ण वाढ झाल्यावरही आठ-नऊ सेंटिमीटरच्या आत राहतील असे चार मासे, एवढेच आमचे माप. दुकानातली पिल्ले दीड इंची असतात, म्हणून दहा मावतील असे वाटते. मावतीलही; पण त्यांची विष्ठा, त्यांना लागणारा प्राणवायू आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाचा आपापल्या कपारीवरचा हक्क ७० लिटरमध्ये मावत नाही.

कोणताही जीव पिशवीत घेण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या : हा माझ्या टाकीत रोज काय खाणार आणि कुठे राहणार? चौकटीतली बहुतेक नावे या दोन प्रश्नांतच गळतात.

निळा टँग ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि दिवसभर पोहत असतो. त्याला सहा फुटी टाकीसुद्धा जेमतेम पुरते. मँडरिनचे दुखणे वेगळे. तो खडकावरचे कोपेपॉड नावाचे बारीक जिवंत कवचधारी प्राणी दिवसभर टिपत फिरतो. दोन फुटी टाकीतला त्यांचा साठा तो काही आठवड्यांत संपवतो आणि मग शेजारी गोठवलेला झिंगा पडलेला असला तरी बहुधा बघतही नाही. पोट आत जाते, पाठीची कड धारदार दिसू लागते आणि दीड-दोन महिन्यांत खेळ आटोपतो. गोठवलेले अन्न खायला शिकलेला, हॅचरीत (मत्स्यप्रजनन केंद्रात) जन्मलेला मँडरिन मिळाला तरी तो वर्षभर जुन्या, मोठ्या टाकीतच शोभतो.

क्लीनर रॅसच्या नावातच सफाई असल्यामुळे तो सर्रास खपवला जातो. समुद्रात तो मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी, मुख्यत्वे नॅथिड नावाचे बारीक कवचधारी प्राणी, खाऊन जगतो आणि दिवसाला शेकडो गिऱ्हाइके तपासतो. घरच्या टाकीत गिऱ्हाइके चार आणि नॅथिड शून्य. मग तो त्याच चार माशांना टोचत राहतो, त्यांच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडतो आणि शेवटी स्वतः उपाशी मरतो. त्यातही त्याच्यासारखाच दिसणारा सेबरटूथ ब्लेनी कधीकधी त्याच नावाने येतो आणि तो तर माशांच्या पंखांचे लचकेच तोडतो. खरा क्लीनर तोंड अगदी टोकाला असलेला. नकली ब्लेनीचे तोंड खालच्या बाजूला असते.

डॅमसेल स्वस्त आणि चिवट, म्हणून दुकानदार 'आधी हे टाका, टाकी सेट होईल' असे सांगतात. टाकी सेट होते, पण मग तिचा मालक डॅमसेल असतो. डोमिनो, तीन पट्टी आणि निळा डॅमसेल हे तिघे छोट्या टाकीत नंतर आलेल्या कोणालाही खडकाजवळ फिरकू देत नाहीत. टाकी मुरवण्यासाठी, म्हणजे विष्ठेतला अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया तिच्यात वाढवण्यासाठी, जिवंत मासा वापरण्याची गरजच नाही. अमोनियम क्लोराइडचे द्रावण टाकून पाण्यात २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) अमोनिया करायचा, बॅक्टेरियाची बाटली ओतायची आणि थांबायचे. टाकलेला २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि त्यापासून बनणारे नायट्राइटही शून्य दिसले, की टाकी माशासाठी तयार. याला चार ते सहा आठवडे लागतात. हिरव्या क्रोमिसचा थवा घेण्याचा मोह होतो, त्याबद्दलही एक सांगतो : पाच आणले तर ते एकेकाला हेरून छळतात आणि वर्षाअखेर बहुधा एकच उरतो.

आता काय ठेवावे ते.

ओसेलारिस क्लाउनफिशची जोडी या आकाराच्या टाकीला बरोबर बसते. जोडी म्हणजे नर-मादी शोधून आणायची नसतात. हे मासे जन्मतः नर असतात आणि जोडीतला मोठा, दांडगा मासा मादी होतो. म्हणून दोन्ही लहान आणि त्यातला एक किंचित मोठा अशी निवड करावी. पहिले काही दिवस मोठा दुसऱ्याला ढकलतो, लहान अंग थरथरवून शरण येतो. ते पाहून घाबरू नये. दोन्ही पूर्ण वाढलेले आणले तर दोन्ही माद्या निघण्याची शक्यता असते, आणि मग एक मरेपर्यंत भांडण मिटत नाही. काळा, पांढरा, तुटक पट्ट्यांचा असे रंग बहुतेक याच जातीचे किंवा पर्क्युलाचे, स्वभाव तोच. टोमॅटो, मरून, क्लार्की आणि आपल्याकडे पकडून आणला जाणारा सेबी हे क्लाउनफिश मात्र मोठे आणि भांडखोर होतात. ते दोन फुटी टाकीत नकोत, आणि ओसेलारिससोबत तर अजिबात नकोत.

क्लाउनफिश हॅचरीतलाच घ्यावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या प्रजननाचे तंत्र बऱ्याच वर्षांपूर्वी बसवले आहे, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही त्या दिशेने काम झाले आहे. तेव्हा समुद्रातून पकडलेला घेण्याचे कारण उरत नाही. हॅचरीतला पहिल्या दिवसापासून गोळी-खाद्य खातो. 'क्लाउनफिश आहे म्हणजे ॲनिमोन (समुद्रफूल) हवाच' हा समज सोडून द्यावा. ॲनिमोनला प्रखर प्रकाश आणि किमान सहा-आठ महिने मुरलेली टाकी लागते. तो जागा पसंत पडेपर्यंत फिरतो, फिरता फिरता वेव्हमेकरच्या जाळीत सापडतो आणि त्याचा कीस झाला की ७० लिटर पाणी एका रात्रीत नासते. ॲनिमोन नसला तर क्लाउनफिश एखाद्या लेदर कोरलला (मऊ प्रवाळाला) किंवा पंपाच्या कोपऱ्यालाच घर मानतो, त्याचे काही बिघडत नाही.

तळाशी पिवळा वॉचमन गोबी आणि पिस्टल कोळंबी यांची जोडगोळी ठेवावी. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती बीळ खणते, वाळूचा बुलडोझर चालल्यासारखी माती बाहेर लोटते आणि एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपूट फडफडवतो आणि दोघे आत. ही जोडी ठेवायची तर खडक वाळूवर रचून चालत नाही. आधी रिकाम्या काचेवर खडक पक्का बसवायचा, मग भोवती चार-पाच सेंटिमीटर वाळू घालायची. वाळूवर ठेवलेल्या खडकाखाली कोळंबी बोगदा काढते आणि ढिगारा खाली बसतो, कधी तिच्यावर, कधी काचेवर. वाळूत बारीक पावडरबरोबर काही शिंपल्यांचे तुकडे मिसळावेत, म्हणजे बिळाचे छत टिकते. कोळंबी घेताना 'रँडल' किंवा 'टायगर' पिस्टल विचारून घ्यावी. खडकातून चुकून आलेल्या अनोळखी पिस्टलला गोबीशी देणेघेणे नसते.

चौथ्या जागेसाठी रॉयल ग्रामा हा आमचा आवडता मासा, आणि इथेच सर्वांत जास्त फसगत होते. ग्रामा कॅरिबियन समुद्रातला, पुढून जांभळा आणि मागून पिवळा. बायकलर डॉटीबॅकही पुढून जांभळा आणि मागून पिवळा. तो आपल्याकडच्या दुकानांत अधिक येतो आणि बऱ्याचदा ग्रामाच्या नावाने विकला जातो. ग्रामा स्वभावाने बरा, आपली कपार सांभाळून असतो. डॉटीबॅक मात्र स्वतःपेक्षा मोठ्या माशाचे पंख फाडतो आणि लहान कोळंब्या खातो. ओळखायचे असे : ग्रामाचा जांभळा रंग ठिपक्याठिपक्यांनी हळूहळू पिवळ्यात विरतो, पाठीवरच्या पंखाच्या सुरुवातीला एक काळा ठिपका असतो आणि डोळ्यातून तिरकी रेघ जाते. डॉटीबॅकच्या मध्यावर मात्र पट्टीने आखल्यासारखी सरळ सीमा दिसते, ठिपका नाही, रेघ नाही. दुकानाच्या निळ्या दिव्याखाली हे कळत नाही; मोबाइलचा पांढरा टॉर्च मारून पाहावे. ग्रामा खडकाच्या छताला पोट लावून उलटा तरंगतो, तो आजारी नसतो.

ग्रामा नको असेल तर टेलस्पॉट ब्लेनी घ्यावा. सहा सेंटिमीटरचा हा मासा काचेवरचा आणि खडकावरचा पातळ हिरवा थर खरवडतो, शिवाय गोळीही खातो. त्याच्याऐवजी 'लॉनमोअर' नावाचा मोठा ब्लेनी गळ्यात मारतात. तो तेरा सेंटिमीटरचा होतो आणि दोन फुटी टाकीतले शेवाळ संपवून उपाशी राहतो. फायरफिश शांत आणि देखणा आहे, पण ग्रामा असेल तर तो दिवसभर बिळातच राहील, आणि बिचकला की सरळ टाकीबाहेर उडी मारतो. खरे तर गोबीही उडी मारतो. म्हणून झाकण हवेच, आणि तेही काचेचे नव्हे. काचेने उष्णता कोंडते. ॲल्युमिनियमच्या चौकटीत पाच-सहा मिलिमीटर भोकांची पारदर्शक जाळी ताणून बसवावी. वायरी जिथून आत जातात तिथली फटही बुजवावी, कारण मासा नेमका तिथूनच जातो.

बांगाई कार्डिनल इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळच्या छोट्या बेटसमूहातला आहे. शोभेसाठी इतका उपसला गेला की तो आज धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. घ्यायचाच तर हॅचरीतला, आणि छोट्या टाकीत एकच. दोन नर निघाले तर एक मरतो. सिक्सलाइन रॅस दिसायला मोहक, पण सहा महिन्यांत टाकीचा दादा होतो. आम्ही तो सुचवत नाही.

मासे टाकण्याचा क्रम हा निवडीइतकाच महत्त्वाचा आहे. आधी भित्रा, शेवटी दांडगा. म्हणजे गोबी आणि पिस्टल पहिल्यांदा, दोन-तीन आठवड्यांनी ब्लेनी किंवा ग्रामा, आणि क्लाउनफिशची जोडी सर्वांत शेवटी. लोक नेमके उलटे करतात, कारण क्लाउनफिशसाठीच टाकी घेतलेली असते. 'आठवड्याला एक मासा' हे चौकटीतले सूत्रही सोडा. प्रत्येक नव्या माशानंतर बॅक्टेरियाला वाढीव कचरा पेलायला वेळ लागतो. पुढचा मासा आणण्याआधी अमोनिया तपासावा. शून्याखेरीज काहीही दिसले तर थांबावे.

नवा मासा टाकताना पारदर्शक, भोकांच्या प्लास्टिकच्या पेटीत दोन-तीन दिवस आतच लटकवून ठेवला तर जुन्यांचा राग तिथेच काचेवर डोके आपटून शमतो. मासा वरच्या कोपऱ्यात हीटरमागे उभा राहिला, खायला खाली येईना, पंखांच्या कडा फाटल्या, की भांडण मिटेल म्हणून वाट पाहू नये. दांडगा बाहेर काढावा. खडक न उचलता काढायचा उपाय सोपा आहे : एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीचे वरचे टोक कापून उलटे आत बसवायचे, आत झिंग्याचा तुकडा ठेवायचा, एक दिवस आधी उपाशी ठेवायचे. डॅमसेल सहसा पहिल्या तासात आत शिरतो.

आता विलगीकरण. हे टाळणारे बहुतेक जण एकदा तरी सगळे मासे गमावतात. ३०-४० लिटरची साधी टाकी, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. वाळू नाही, खडक नाही. त्यात नवा मासा ३० दिवस. पांढरे ठिपके पाडणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी माशाच्या त्वचेच्या आत राहतो, मग गळून वाळूत गाठ बांधतो आणि पुन्हा मासा शोधतो. तांबे त्याला मारते, पण तेच तांबे कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांनाही मारते. म्हणून उपचार विलगीकरणातच, मुख्य टाकीत कधीही नाही. 'रीफ सेफ' लिहिलेल्या औषधांवर आमचा विश्वास नाही. मुख्य टाकीत ठिपके दिसलेच तर सगळे मासे बाहेर काढून ती ७६ दिवस माशांविना चालू ठेवावी. कोळंब्या, गोगलगाई, प्रवाळ आत राहू शकतात. क्लीनर कोळंबी हा आजार बरा करते ही दुकानी समजूत आहे. परजीवी त्वचेखाली असतो, तिथे तिचा चिमटा पोहोचत नाही.

दुकानात मासा घेताना त्याला समोर खायला घालायला सांगावे. जो खात नाही तो घेऊ नये, कितीही स्वस्त असला तरी. पोट आत गेलेले, श्वास धापा टाकल्यासारखा, अंग वाळूला घासणारा मासाही सोडून द्यावा.

सफाई पथकाबद्दल आता, कारण या भागात पैसा आणि जीव दोन्ही फुकट जातात. वीस गोगलगाई एकदम आणल्या तर पहिल्या महिन्यात काच लखलखते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्या एकामागून एक मरू लागतात, कारण खायला काही उरलेले नसते. मेलेली गोगलगाय वाळूत कुजते, अमोनिया वाढतो, त्यावर शेवाळ फोफावते आणि मालक आणखी दहा आणतो. ७० लिटरला सुरुवात चार सेरिथ आणि दोन नॅसेरियस जातीच्या गोगलगाईंपासून करावी, तीही टाकी मुरून काचेवर तपकिरी डायटमचा (सूक्ष्म शेवाळाचा) थर आल्यानंतर. मग महिनाभर बघावे. काचेवर रोज सकाळी थर दिसत असेल तर दोन वाढवाव्यात, नसेल तर पुरे. काचेचे काम तरी चुंबकी घासणीने अर्ध्या मिनिटात होते.

प्रत्येकाचे खाणे निराळे. सेरिथ रात्री काच, खडक आणि वाळूचा वरचा थर साफ करते. छोट्या टाकीला हीच सर्वांत उपयोगी. नॅसेरियस शेवाळाला तोंड लावत नाही. ती वाळूत पुरून घेते, सोंडेसारखी नळी तेवढी वर ठेवते आणि अन्नाचा वास आला की बाहेर पडते. उरलेले अन्न आणि मेलेले जीव खाणे हे तिचे काम. टाकी फार स्वच्छ असेल तर आठवड्यातून दोनदा तिच्यासाठी बुडणारी गोळी टाकावी. टर्बो शेवाळ भराभर खाते, पण मुठीएवढी होऊन प्रवाळाचे तुकडे पाडत फिरते; या टाकीत एकाहून जास्त नको. काही जातींची गोगलगाय उताणी पडली तर स्वतः सरळ होत नाही आणि तशीच मरते. म्हणून दिवे लागल्यावर एकदा नजर टाकावी. मेली की नुसती झोपली हे कळत नसेल तर उचलून वास घ्यावा. मेलेलीचा वास ओळखायला शिकवावे लागत नाही.

कोण काय खात नाही, हेही माहीत हवे. बोटभर वाढलेले हिरवे केसाळ शेवाळ बहुतेक गोगलगाई खात नाहीत. ते हाताने उपटून आखूड करून द्यावे लागते. वाळूवरचा लाल, चिकट पापुद्रा म्हणजे सायनोबॅक्टेरिया. तो नळीने ओढून काढायचा. आणि तपकिरी, शेंबडासारखा, बुडबुड्यांनी भरलेला, दिवे लागले की वाढणारा आणि रात्री विरळ होणारा थर दिसला आणि त्याच वेळी गोगलगाई पटापट मरू लागल्या, तर ते डायनोफ्लॅजेलेट (एकपेशीय सूक्ष्मजीव) असण्याची शक्यता मोठी. त्यांतले काही विषारी असतात. अशा वेळी नव्या गोगलगाई आणणे म्हणजे त्यांना मारायला आणणे. हे बहुधा नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेल्यामुळे होते. नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ एवढे राहू द्यावे. पाण्यातली पोषकद्रव्ये शून्य करण्याच्या नादी लागू नये.

हर्मिट, म्हणजे शंखातले खेकडे, आम्ही या टाकीत दोनपेक्षा जास्त ठेवत नाही. त्यांना वाढीनुसार मोठा शंख लागतो आणि रिकामा मिळाला नाही तर ते गोगलगाईला मारून तिचा घेतात. दर खेकड्यामागे दोन-तीन वेगवेगळ्या मापांचे रिकामे शंख ठेवावेत. अलिबाग-मालवणच्या खडकांतून गोगलगाई आणि खेकडे वेचून आणणारेही आहेत. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या तिथल्या कित्येक गोगलगाई पाण्याबाहेर चढतात, काही जाती इतर गोगलगाईंना भोक पाडून खातात, आणि कोन जातीच्या शंखाचा डंख माणसालाही महागात पडतो. किनाऱ्यावरचे किनाऱ्यावरच राहू द्यावे.

कोळंब्यांत स्कंक क्लीनरची जोडी चालते. त्या उभयलिंगी असल्याने नर-मादी पाहावे लागत नाही. त्या प्रवाळाच्या तोंडातला घास पळवतात, तेवढा एक त्रास. खडकावर आयप्टेशिया हा काचेसारखा उपद्रवी ॲनिमोन उगवला तर पेपरमिंट कोळंबी तो खाते. मात्र तिच्या नावाने कॅमल कोळंबी मिळते, जी झोअँथिड आणि मश्रूम प्रवाळांचा फडशा पाडते. कॅमलच्या पाठीला ठळक कुबड असते आणि अंगावरचे पांढरे पट्टे आणि ठिपके ठसठशीत असतात. पट्टेरी बॉक्सर कोळंबी ठेवायची तर दुसरी कोळंबी ठेवू नये. सकाळी टाकीत कोळंबीचे पारदर्शक 'प्रेत' दिसले तर रडारड करण्याआधी खडकामागे पाहावे. बहुधा ती कात असते आणि मालकीण लपून बसलेली असते.

गोगलगाई आणि कोळंब्या क्षारतेतला झटका सोसत नाहीत. मिठाचे पैसे वाचवायला आणि परजीवी दाबायला अनेक दुकानांत पाण्याची विशिष्ट घनता १.०२० च्या आसपास ठेवतात; आपल्या टाकीत ती १.०२६ हवी. हा फरक बारीक नळीतून सेकंदाला दोन-तीन थेंब सोडत दीड-दोन तासांत भरून काढावा. कुरिअरने दिवसभर प्रवास करून आलेल्या माशाला मात्र असे रेंगाळत ठेवू नये. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, सामू चढतो आणि साचलेला अमोनिया विषारी बनतो. त्याच्यासाठी विलगीकरणाचे पाणी आधीच पिशवीच्या क्षारतेला जुळवून ठेवावे आणि तापमान सारखे झाले की मासा थेट सोडावा.

टाकीत रोज उडणारे पाणी गोड्या पाण्यानेच भरायचे, मीठ उडत नाही. ७० लिटरमधले साडेतीन लिटर उडाले आणि भरले नाही तर क्षारता (दर हजार भागांत मीठ) ३५ वरून जवळपास ३७ वर जाते. मे महिन्यात पंखा लावून टाकी थंड करणाऱ्यांकडे हे दोन-तीन दिवसांत होते. हे पाणी डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार शोषणारे दाणे) लावलेल्या, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्य दाखवणाऱ्या आरओचेच हवे. स्वयंपाकघरातला पिण्याचा आरओ चालत नाही, आणि 'कॉपर' कार्ट्रिज असलेला तर मुळीच नाही. आरोग्यासाठी म्हणून त्यात मुद्दाम तांबे सोडलेले असते. मासे ठणठणीत आणि कोळंब्या, गोगलगाई काही केल्या टिकत नाहीत, अशी तक्रार आली की आम्ही आधी घरातला आरओ कोणता ते विचारतो. दुसरा प्रश्न डासांच्या मशीनचा. लिक्विड मशीन आणि झुरळांच्या स्प्रेमधली पायरेथ्रॉइड द्रव्ये कोळंब्यांना अत्यल्प प्रमाणातही घातक असतात, माशांनाही. आणि एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात सोडतो. टाकीच्या खोलीत मशीन लावू नये. सोसायटीत धुराची फवारणी असेल त्या संध्याकाळी खिडक्या बंद, एअर पंप बंद, वेव्हमेकर चालू.

आठवड्याला सात लिटर पाणी बदलावे. त्यासाठी साधारण २६० ग्रॅम खाऱ्या टाकीचे (मरीन) मीठ आदल्या दिवशी शून्य टीडीएसच्या पाण्यात विरघळवून, ढवळून, तापमान जुळवून ठेवावे. गोठवलेला मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव) चहाच्या गाळणीत धुऊन, दिवसातून दोनदा, दीड-दोन मिनिटांत संपेल एवढाच द्यावा. हे पाळले तर सफाई पथकाला फारसे काम उरत नाही.

लेखात कायद्याचा उल्लेखच नाही, तो हवा होता. जुलै २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या याद्यांत सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल, समुद्रपंखे, सर्व समुद्री काकड्या आणि समुद्री घोडे व पाइपफिश यांचा समावेश झाला. मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही यात येतो. म्हणजे 'लाइव्ह रॉक' म्हणून विकला जाणारा, आपल्या समुद्रातून काढलेला प्रवाळखडकसुद्धा. शंखांत मोठा ट्रोकस (ट्रोकस निलोटिकस) आणि हिरवा टर्बो (टर्बो मार्मोरेटस) यादीत आहेत, त्यामुळे त्या नावांनी काही विकले जात असेल तर जात आणि कागद विचारावा. खडकासाठी सिरॅमिकचा किंवा सिमेंटी कृत्रिम खडक मिळतो, तो मुरायला थोडा जास्त वेळ घेतो एवढेच. प्रवाळांत मश्रूम, झोअँथिड आणि लेदर कोरल या तिन्ही मऊ जाती या यादीत नाहीत, आणि नवख्याच्या हाताला त्याच सोप्या. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा आणि ते लागलेला खडक कधीही उकळू नये. त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन असते, उकळताना वाफेतून ते घरभर पसरते.

आणि नको झालेला, मोठा झालेला किंवा भांडखोर मासा खाडीत किंवा समुद्रात सोडू नये, मग तो टँग असो की डॅमसेल. बरेच दुकानदार असा मासा परत घेतात, पैसे देत नाहीत, फार तर बदल्यात खाद्याची डबी देतात. देऊन टाकावा.

आपले,
खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणारे काही वाचक
ठाणे